फ्रीझर रूमचा सेन्सर अडकला, रोबो दारात थांबला: बिघाड की घुसखोरी, आणि आता काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुर्भ्याच्या एमआयडीसीत शीतगृह आहे. लोरावॅन या कमी विजेच्या, लांब पल्ल्याच्या रेडिओ जाळ्यावरचे ३६ तापमान सेन्सर, त्यांचे संदेश पकडून सर्व्हरला देणारा एक गेटवे आणि मालाची ने-आण करायला रॉस-२ या रोबो चालवायच्या सॉफ्टवेअरवर चालणारे ४ ट्रॉली रोबो. गेल्या आठवड्यात फ्रीझर रूममधला एक सेन्सर तीन तास उणे १८.५ वरच अडकला. आत जाऊन पाहिलं तर दार पुरतं लागलं नव्हतं आणि हातातल्या थर्मामीटरवर उणे ९ होतं. पुरवठादाराच्या माणसाने येऊन ‘सर्व्हरवर एक सेटिंग बदललं’ आणि आकडे परत सुरू झाले. त्याच आठवड्यात एक रोबो त्याच दारात दोनदा मध्येच उभा राहिला. पुरवठादाराचं म्हणणं, सगळं एन्क्रिप्टेड आहे, हॅक होणार नाही. तर कुणी आत शिरलंय का, आणि व्यवस्था पक्की कशी करायची?

तुम्ही सांगितलेल्या खुणांवरून दोन्ही घटना बिघाडाच्या दिसतात. काळजी वाटते ती त्या बदललेल्या सेटिंगची. या धंद्यात बहुतेक भोकं बिघाड घाईत मिटवताना पडतात, म्हणून आधी ते सेटिंग कोणतं होतं ते शोधा.

लोरावॅनमध्ये प्रत्येक नोड, म्हणजे सेन्सर आणि त्याचा रेडिओ असलेला डबा, आपल्या प्रत्येक संदेशावर एक चढता क्रमांक घालतो, त्याला फ्रेम काउंटर म्हणतात. सर्व्हर शेवटचा क्रमांक लक्षात ठेवतो आणि त्याहून लहान किंवा तेवढाच क्रमांक आला तर संदेश फेकून देतो. जुना संदेश हवेतून पकडून पुन्हा वाजवणाऱ्याला अडवायचा लोरावॅनमधला मुख्य उपाय हाच. आता नोड ‘एबीपी’ पद्धतीने जोडलेला असेल, म्हणजे त्याच्या चाव्या कायमच्या ठोकलेल्या असतील, तर नोड रिसेट होताच काउंटर शून्यावर येतो आणि चावी मात्र तीच राहते. सर्व्हरला वाटतं जुने संदेश येतायत, तो एकेक फेकत जातो. नोड बिचारा बोलतच असतो, ऐकणारं कुणी नसतं. डॅशबोर्ड शेवटचा मिळालेला आकडा दाखवत बसतो: उणे १८.५.

हे मिटवायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे सर्व्हरवर ‘फ्रेम काउंटर तपासणी बंद’ अशी खूण असते ती करणं. आकडे लगेच सुरू होतात. पण त्या क्षणापासून रस्त्यावर साधा लोरा रेडिओ घेऊन उभा असलेला माणूस आज रात्री तुमच्या सेन्सरचे ‘सगळं थंड आहे’ हे संदेश साठवून उद्या तेच परत सोडू शकतो. त्याला चावी लागत नाही, आतलं काही वाचायलाही लागत नाही. एन्क्रिप्शन होतं तसंच आहे, पुरवठादार त्या अर्थाने खोटं बोलत नाही. शिवाय त्याच चावीवर काउंटर पुन्हा शून्यापासून धावला की एन्क्रिप्शनचा मुखवटाही पुन्हा तोच वापरला जातो, आणि एकाच क्रमांकाचे दोन संदेश एकमेकांवर ठेवले की दोन्हींतला फरक उघडा पडतो. तापमानात फारसं गुपित नसतं. दाराच्या किंवा कुलपाच्या सेन्सरमध्ये असतं.

तेव्हा सर्व्हरवर त्या नोडचं पान उघडा. तपासणी बंद केलेली दिसली तर ती चालू करा, आणि तशी खूण बाकीच्या ३५ नोडवर आहे का तेही बघा. एकावर केलेलं सेटिंग टेम्पलेटमधून सगळ्यांना लागलेलं असू शकतं.

मग त्या तीन तासांचा गेटवेचा लॉग काढा. डॅशबोर्डचा उपयोग नाही, कच्चा लॉग हवा: वेळ, नोडचा पत्ता, काउंटर, सिग्नलची ताकद, एसएनआर (सिग्नल आणि गोंगाट यांचं प्रमाण). यातून बहुतेक गोष्टी निघतात. संदेश आलेलेच नसतील तर बॅटरी, अँटेना किंवा जॅमिंग. संदेश आलेत पण काउंटर ०, १, २ असा नव्याने सुरू झालाय, तर वर सांगितलेला रिसेट. काउंटर सरळ चढतोय आणि तापमान मात्र दशांशापर्यंत तेच, तर नोड ठीक आहे, प्रोब (तापमान मोजणारं टोक) किंवा फर्मवेअर (नोडच्या आतला प्रोग्राम) अडकलंय. चालू फ्रीझरमध्ये तीन तास एकच आकडा राहूच शकत नाही. कॉम्प्रेसर चालू-बंद होतो तसा आकडा वर-खाली होतो आणि डीफ्रॉस्टच्या वेळी ठळक उंचवटा येतो. शेजारच्या सेन्सरवर डीफ्रॉस्टचा उंचवटा आहे आणि या एकावर नाही, हा पुरावा कुठल्याही अँटीव्हायरसपेक्षा भरवशाचा. आणि काउंटर जुने, पूर्वी येऊन गेलेलेच क्रमांक जसेच्या तसे दाखवत असेल, सोबत सिग्नलची ताकद नेहमीपेक्षा बरीच वेगळी असेल, तरच पुनर्प्रक्षेपणाचा, म्हणजे खऱ्या हल्ल्याचा संशय घ्या.

डीएस१८बी२० या तापमान मोजणाऱ्या चिपचे प्रोब वापरत असाल तर दोन आकडे पाठ ठेवा. ८५.० हा त्या चिपचा वीज आल्याबरोबरचा मूळ आकडा आहे. तापमान मोजून व्हायच्या आधी वाचलं की तो मिळतो (१२ बिटला मोजायला ७५० मिलिसेकंद लागतात). आणि उणे १२७ हा आकडा बऱ्याच लायब्ररी (तयार कोड) वायर तुटल्यावर देतात. हे दोन्ही आकडे फर्मवेअरमध्येच गाळून ‘बिघाड’ असा वेगळा संदेश पाठवायला हवा. कित्येक ठिकाणी फर्मवेअर ते गाळतं आणि त्याजागी मागचा चांगला आकडा पाठवतं. तसं करणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण मग तुटलेला सेन्सर आणि निरोगी सेन्सर यांत फरकच उरत नाही.

नोड रिसेट का झाला असेल? उणे १८ ला ठेवलेल्या नोडमध्ये संशय पहिला बॅटरीवर. या नोडमध्ये बहुधा ३.६ व्होल्टची लिथियम थायोनिल क्लोराइड बॅटरी असते. ती वर्षानुवर्षं टिकते ते लिथियमवर जमणाऱ्या क्लोराइडच्या पातळ थरामुळे. हाच थर अचानक करंट मागितला की आडवा येतो आणि व्होल्टेज क्षणभर कोसळतं, थंडीत जास्तच. लोरा रेडिओ पूर्ण ताकदीने बोलताना शंभर-सव्वाशे मिलिअँपिअर ओढतो, तेवढ्यात प्रोसेसर रिसेट होतो. साध्या मल्टिमीटरवर बॅटरी धडधाकट दिसेल, कारण तो क्षण मल्टिमीटरला दिसतच नाही. ऑसिलोस्कोप लावा, किंवा फर्मवेअरकडून प्रक्षेपणाच्या वेळचं किमान व्होल्टेज संदेशात मागवा.

त्यात पफ पॅनेलचे, म्हणजे मध्ये फोम भरलेल्या भिंतीचे, दोन्ही पत्रे सिग्नल अडवतात. सिग्नल कमी पडला की नेटवर्क नोडला हळू वेगावर नेतं. १० बाइटचा संदेश एसएफ-७ या वेगवान पातळीवर सुमारे ६२ मिलिसेकंदांत जातो, एसएफ-१२ या सगळ्यात हळू पातळीवर त्यालाच जवळजवळ दीड सेकंद लागतो. म्हणजे चोवीसपट वेळ रेडिओ चालू, बॅटरीवर तेवढा ताण, आणि हवेत तेवढाच वेळ गर्दी. उपाय सुताराच्या पातळीवरचा आहे: नोडचा डबा खोलीबाहेर लावा, आत फक्त तीन वायरींचा प्रोब सोडा, ४.७ किलोओहमचा पुल-अप रेझिस्टर डब्यात ठेवा, आणि पॅनेलचं भोक फोम आणि सिलिकॉनने दोन्ही बाजूंनी बंद करा. एकच बाजू बंद केली तर दमट हवा शिरून आत बर्फ धरतो. डबा आतच ठेवायचा असेल तर बॅटरीला समांतर त्या कामाचा कपॅसिटर बसवलेले नोड मागवा.

गेटवेची अँटेना गच्चीवर असेल तर एन-कनेक्टरवर स्वतःलाच चिकटणारी रबर टेप गुंडाळा. ठाणे खाडीची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस, कनेक्टरमध्ये पाणी शिरलं की सगळ्याच नोडची ताकद एकदम खाली येते. ८६५ मेगाहर्ट्झवर पावसाने सिग्नल म्हणण्यासारखा पडत नाही, तेव्हा ‘पावसामुळे होतं’ हे उत्तर स्वीकारू नका. कनेक्टर उघडून बघा.

आता चाव्या. एबीपीवरचे सगळे नोड ‘ओटीएए’ पद्धतीवर न्या. यात रिसेट झालेला नोड पुन्हा जोडणी मागतो, नव्या सत्राच्या चाव्या मिळतात आणि काउंटर शून्यापासून सुरू होणं वैध ठरतं. लोरावॅनच्या १.०.४ आवृत्तीचे नोड असतील तर जोडणीच्या वेळचा डेव्हनॉन्स हा आकडाही चढताच लागतो. तो फ्लॅशमध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) जपून न ठेवणारं फर्मवेअर असेल तर बॅटरी बदलल्यावर जोडणी नाकारली जाईल आणि तुम्हाला पुन्हा कुणीतरी तपासणी बंद करायला सांगेल. तिथे फर्मवेअर बदलून घ्या. एबीपीच ठेवणं भाग असेल तर काउंटर दर १०० संदेशांनी फ्लॅशमध्ये लिहायचा आणि चालू होताना त्यात १०० मिळवून पुढे निघायचं. थोडे क्रमांक वाया जातात, बाकी काही बिघडत नाही.

प्रत्येक नोडची चावी वेगळी आणि खरोखर यादृच्छिक हवी. नोडच्या पत्त्यावरून बनवलेली, किंवा ३६ नोडना एकच, असली चावी म्हणजे चावी नसल्यासारखंच. ३६ चाव्यांची एक्सेल शीट व्हॉट्सॲपवर आली असेल तर ती किती फोनमध्ये आहे याचा हिशेब लागणार नाही. नव्या चाव्या घाला. डब्यावरच्या क्यूआर स्टिकरमध्ये चावी छापलेली आहे का ते फोनने स्कॅन करून बघा, असेल तर स्टिकर काढून नोंदवहीत चिकटवा. आणि पुरवठादाराला लेखी विचारा की मायक्रोकंट्रोलरचं (नोडच्या मुख्य चिपचं) वाचन-संरक्षण चालू आहे का. ती चिप एसटीएम-३२ जातीची असेल तर पातळी ० म्हणजे फ्लॅश उघडी आहे, डबा उघडून चार वायरी लावल्या की चावी हातात. किमान पातळी १ हवी. पातळी २ केली की ती परत फिरवता येत नाही, म्हणजे दुरुस्तीही बंद. ते विचार करून ठरवा.

हा झगडा जुनाच आहे. २००१ मध्ये बर्कलीच्या संशोधकांनी ‘स्पिन्स’ ही सेन्सर जाळ्यांसाठीची सुरक्षा पद्धत मांडली तेव्हा त्यांच्या नोडमध्ये ८ किलोबाइट प्रोग्राम मेमरी आणि ५१२ बाइट रॅम होती. इंटरनेटवरची सुरक्षेची साधनं त्यात मावतच नव्हती. २००४ च्या ‘टायनीसेक’ने संदेशाच्या शेवटी फक्त ४ बाइटची मोहोर, म्हणजे संदेश अस्सल असल्याची खूण, लावली. ४ बाइट म्हणजे सुमारे ४२९ कोटी शक्यता, आजच्या संगणकाला ही संख्या मोठी नाही. पण रेडिओ इतका सावकाश होता की सेकंदाला ४० खोटे संदेशच पाठवता येत, आणि निम्म्या शक्यता आजमावायला वीसहून जास्त महिने लागले असते. लोरावॅनची मोहोरही ४ बाइटचीच आहे, तिलाही रेडिओचा हा संथपणा तारतो. त्या कामातला दुसरा धडा २००३ चा, कार्लोफ आणि वॅग्नर यांचा: त्यांनी दाखवून दिलं की जाळ्यातलाच एक नोड फितूर झाला, त्याच्याकडे खरी चावी असली, तर नुसत्या एन्क्रिप्शनने जाळं वाचत नाही.

हा दुसरा धडा तुमच्यासाठी महत्त्वाचा. संदेश कुणाचा आहे एवढंच चावी सांगते. त्यातला आकडा खरा आहे का, हे तिला माहीत नसतं. कुणी प्रोबवर बर्फाची पिशवी ठेवली तर खरा सेन्सर, खऱ्या चावीने, खोटा आकडा पाठवेल.

त्यावर उपाय म्हणजे साक्षीदार वाढवणं. एकाच भागात तीन प्रोब लावा आणि सरासरी न घेता मधला आकडा घ्या. समजा दोन प्रोब म्हणतात उणे १८.२ आणि उणे १७.९, तिसरा म्हणतो उणे ३०. सरासरी उणे २२ येते, म्हणजे एका खोट्याने तुमचा निर्णय चार अंशांनी ओढला. मधला आकडा मात्र उणे १८.२, जागेवर. तीनमध्ये एक खोटा, पाचमध्ये दोन खोटे, असं हे चालतं: जितके खोटे सोसायचे त्याच्या दुप्पट अधिक एक.

पण इथे एक फसवी जागा आहे. दोन प्रोब खोलीच्या तळाशी आणि तिसरा दाराजवळ असेल, आणि दाराजवळचा उणे ९ म्हणत असेल, तर खरं तोच बोलतोय. मधला आकडा घेणारा प्रोग्राम त्यालाच खोटा ठरवून गप्प करील. म्हणून तिन्ही प्रोब एकाच भागात, मीटरभराच्या अंतरात हवेत. दाराचा भाग वेगळा, तळाचा वेगळा. आणि न जुळणारा आकडा कधीही गुपचूप टाकू नका, न जुळणं हाच अलार्म ठेवा. तिन्ही प्रोब एकाच नोडला जोडले असतील तर ते तीन साक्षीदार नाहीत, एकच आहे. ३६ च्या ३६ जागी तीन-तीन लावायची गरज नाही. ज्या आकड्यावरून रोबो हलतो किंवा लाखोंचा माल बाद ठरतो, त्या जागी लावा.

डॅशबोर्डही दुरुस्त करून घ्या. संदेश दर १० मिनिटांनी येत असेल तर २५ मिनिटांहून जुना आकडा राखाडी व्हायला हवा आणि सलग तीन संदेश चुकले की फोन वाजायला हवा. एवढं असतं तर त्या दिवशी तीन तासांचा घोळ अर्ध्या तासात कळला असता.

आता रोबो. दारातच थांबला, दोनदाही तिथेच, तर आधी लायडार (लेझरने अडथळे पाहणारा सेन्सर) पुसा. जुलै-ऑगस्टमध्ये नवी मुंबईच्या हवेचा दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो. फ्रीझरचं दार उघडलं की उंबऱ्यावर धुकं उठतं आणि लायडारला ते अडथळ्यासारखं दिसतं. बाहेर येणाऱ्या थंड रोबोच्या काचेवर लगेच पाणी धरतं. पीव्हीसी पट्ट्यांचा पडदाही लायडारला भिंत वाटतो. त्या जागेची नोंद रोबॅगमध्ये (रॉसच्या नोंदींच्या फाइलमध्ये) करून घ्या: थांबण्याआधीच्या १० सेकंदांत लायडारच्या जवळच्या बिंदूंचा विस्कळीत घोळका दिसला तर धुकं किंवा पाणी; एका रेषेत स्वच्छ बिंदू दिसले तर पडदा. लायडार स्वच्छ आणि वाय-फाय तुटलेलं, तर पफ पॅनेलच्या आड ॲक्सेस पॉइंट बदलताना लागणारा वेळ. चारही रोबो एकाच क्षणी तुटले तर मात्र ॲक्सेस पॉइंटचा लॉग बघा: एकतर डीएफएस (रडारसोबत वाटून घेतलेल्या) चॅनलवर रडारच्या संशयाने चॅनल बदललाय, नाहीतर कुणीतरी खोट्या ‘जोडणी सोडा’ फ्रेम पाठवतंय. पहिल्यावर उपाय चॅनल ३६ ते ४८ मध्ये राहणं. दुसऱ्यावर उपाय वाय-फायची डब्ल्यूपीए-३ सुरक्षा, किंवा निदान व्यवस्थापन फ्रेमचं संरक्षण सक्तीचं करणं. रोबोंचं वाय-फाय ऑफिसच्या वाय-फायपासून वेगळ्या व्हीलॅनवर (आभासी नेटवर्कवर) हवं, हे सांगायला लागू नये, पण लागतं.

रॉस-२ मध्ये सुरक्षा आहे, फक्त ती मूळ मांडणीत बंद असते. जुन्या रॉस-१ मध्ये ती नव्हतीच; २०१७-१८ मध्ये ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांनी इंटरनेट चाळलं तेव्हा शंभराहून जास्त रॉस मास्टर (रॉस-१ चे मध्यवर्ती प्रोग्राम) उघड्यावर सापडले, त्यांतले काही खऱ्या रोबोंचे. तुमच्या जागी हे तपासायला पाच मिनिटं लागतात. रॉस-२ घातलेला एक लॅपटॉप रोबोंच्या वाय-फायला जोडा, डोमेन क्रमांक (एका गटाची यंत्रं वेगळी ठेवणारा आकडा) रोबोंचाच ठेवा आणि टॉपिकची, म्हणजे संदेशांच्या वाहिन्यांची, यादी मागवा. ‘सीएमडी-व्हेल’, म्हणजे वेगाची आज्ञा जाणारा टॉपिक, यादीत दिसला तर तो लॅपटॉप रोबोला चालवूही शकतो. चालवून बघू नका, दिसणं पुरेसं आहे. डोमेन क्रमांक बदललाय म्हणून निर्धास्त राहू नका. तो कुलूप नाही, पोर्टचा हिशेब आहे. क्रमांक ० ला यूडीपी पोर्ट ७४००, पुढच्या प्रत्येक क्रमांकाला २५० ची भर. ५ असेल तर ८६५०. शोधणाऱ्याला काही सेकंद लागतात.

बंदोबस्त दोन थरांत करा. पहिला, वेगाच्या आज्ञा रोबोच्या आतच राहू द्या. मार्ग आखणं आणि चाकांना वेग देणं रोबोवरच्या संगणकावर, वाय-फायवरून फक्त ‘अमुक रॅकला जा’ एवढंच. आतले टॉपिक लोकलहोस्टपुरते, म्हणजे त्याच संगणकापुरते, मर्यादित ठेवा. दुसरा थर एसरॉस-२ चा, म्हणजे रॉस-२ च्या सुरक्षा साधनांचा. नेटवर्कला न जोडलेल्या एका लॅपटॉपवर कीस्टोअर (चाव्यांचं कोठार) बनवा, प्रत्येक रोबोला स्वतःचं एन्क्लेव्ह (त्याच्या चाव्या आणि परवानग्यांचा संच) द्या, आणि रोबोवर फक्त त्याचंच एन्क्लेव्ह न्या. इथे नेहमीची चूक म्हणजे अख्खं कीस्टोअर चारही रोबोंवर कॉपी करणं. त्यात प्रमाणपत्रं सही करायची खासगी चावी असते. एक रोबो चोरीला गेला की चोर हवा तेवढा नवा ‘अधिकृत’ रोबो तयार करू शकतो.

परवानग्यांची फाइल चालू व्यवस्थेवरून आपोआप बनवता येते, पण ती बनवताना चालू असलेले डीबगचे टॉपिकही तिच्यात येतात. बसून हाताने छाटा. सुरक्षेची पद्धत ‘एन्फोर्स’ ठेवा. ‘परमिसिव्ह’मध्ये प्रमाणपत्र सापडलं नाही तरी नोड बिनसुरक्षेचा सुरू होतो आणि कुणाला पत्ता लागत नाही. लायडारचा मोठा डेटा एन्क्रिप्ट केल्याने प्रोसेसर दमत असेल तर गव्हर्नन्स (सुरक्षेच्या नियमांच्या) फाइलमध्ये त्या टॉपिकला नुसती सही ठेवा आणि आज्ञांना पूर्ण एन्क्रिप्शन. झालं की तोच लॅपटॉप परत जोडा. यादीत रोबोंचा एकही टॉपिक दिसता कामा नये.

गेटवे आणि रोबो यांच्यात एमक्यूटीटी ब्रोकर (संदेश पोहोचवणारा मधला सर्व्हर) असेल तर १८८३ पोर्ट बंद करून टीएलएसवाला, म्हणजे एन्क्रिप्टेड, ८८८३ ठेवा, प्रत्येकाला वेगळं प्रमाणपत्र, आणि कोण काय लिहू शकतो याची यादी. सेन्सर गेटवेने रोबोच्या टॉपिकवर लिहायचं काहीच कारण नाही. ब्रोकर मॉस्किटो असेल आणि २.० च्या आधीचा असेल तर तो मूळ मांडणीत निनावी माणसालाही आत घेतो, आवृत्ती बघा.

एवढं सगळं करूनही एक दिवस खोटी आज्ञा आत येईल असं धरूनच रोबोचं थांबणं बांधायचं. २०१७ मध्ये मिलानच्या पॉलिटेक्निकच्या संशोधकांनी ट्रेंड मायक्रोसोबत एका औद्योगिक रोबोवर दाखवलं की कॅलिब्रेशनचे आकडे बदलता येतात आणि पडद्यावर दिसणारी रोबोची स्थितीही खोटी करता येते. म्हणजे पडद्यावर ‘मोटर बंद’ आणि प्रत्यक्षात चालू. म्हणून आणीबाणीचं बटण आणि सुरक्षेचा लेझर स्कॅनर यांच्या वायरी सरळ मोटर ड्राइव्हच्या एसटीओ (मोटरची ताकद तोडणाऱ्या) इनपुटला गेल्या पाहिजेत. मध्ये रॉस नको, वाय-फाय नको, संगणक नको. चालकाविना ट्रॉलींसाठी आयएसओ ३६९१-४ हे मानक आहे, पुरवठादाराकडे त्याचं पालन लेखी मागा. दर महिन्याला चाचणी: वाय-फाय बंद करून बटण दाबा, मग रोबोचा मुख्य संगणक बंद करून दाबा. दोन्ही वेळी चाकांची ताकद जायला हवी. वेब पानावरचं लाल बटण सोयीचं आहे, पण त्याला आणीबाणीचं बटण म्हणू नका.

वेगाच्या आज्ञेचा वॉचडॉगही, म्हणजे आज्ञा थांबल्या की रोबो थांबवणारा टायमर, तपासा. रॉस-२ च्या नेहमीच्या डिफरेन्शियल ड्राइव्ह कंट्रोलरमध्ये तो मुळात ०.५ सेकंदाचा असतो. ताशी ५.४ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला दीड मीटर वेगाने, आज्ञा थांबल्यावरही रोबो पाऊण मीटर जाईल, वर ब्रेकचं अंतर. ०.२ केलं तर ३० सेंटिमीटर. आज्ञा रोबोच्या आतूनच येत असतील तर ०.२ निर्धास्त ठेवा. वाय-फायवरून येत असतील तर सारखा थांबेल, आणि कुणीतरी वैतागून तो २ सेकंद करील. फ्रेम काउंटरची गोष्टच इथे पुन्हा घडते.

चाकांची मोजणी, जायरो (वळण मोजणारा सेन्सर) आणि लायडार यांची एकमेकांशी ताडणीही लावता येते. जायरोला आवाजाने फसवता येतं हे २०१५ मध्ये कोरियाच्या काइस्ट विद्यापीठाने ड्रोनवर दाखवलंय. तुमच्याकडे मात्र ताडणी पहिल्यांदा ओरडेल ती फ्रीझरच्या फरशीवरच्या बर्फावर चाक घसरल्यामुळे. म्हणून फरक पडताच रोबो बंद न करता वेग कमी करायचा, आणि फरक सेकंदभर टिकला तरच थांबवायचं.

चारही रोबो पुढे आपसात ठरवून गल्ल्या वाटून घेणार असतील तर एक गणित लक्षात ठेवा. मध्यवर्ती सर्व्हर नसताना, सह्या नसलेल्या संदेशांवर एकमत व्हायचं, तर एक खोटारडा सोसायला किमान चार जण लागतात. हे १९८० पासून सिद्ध आहे. म्हणजे तुमच्याकडे एकाचीही शिल्लक नाही. एक रोबो चार्जिंगला गेला की ती खात्री गेली. आणि एकच यंत्र चार नावांनी बोलायला लागलं तर मोजणीच बिघडते. एमआयटीत गिल, कुमार, कताबी, रस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये यावर चांगला उपाय मांडला: वाय-फायचा सिग्नल कोणकोणत्या दिशांनी येतो त्यावरून ओळख पटवायची, कारण नावं चार घेता येतात पण एका जागी उभं राहून चार जागांहून बोलता येत नाही. तुमच्या गेटवेच्या लॉगमधली सिग्नलची ताकद ही त्याच कल्पनेची गरीब आवृत्ती आहे. प्रत्येक नोडची नेहमीची ताकद आजच टिपून ठेवा. पुढे संशय आला तर तुलनेला हीच नोंद लागेल.

लॉगबद्दल शेवटचं. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे कंपन्यांना लॉग १८० दिवस जपावे लागतात आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते. कळवायच्या प्रकारांच्या यादीत आयओटी आणि रोबोटिक्स दोन्ही आहेत. घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळलेली हवीत असंही त्यात आहे, आणि तुमच्या बाबतीत घड्याळाला आणखी एक काम आहे. रोबोवरच्या छोट्या बोर्डात बॅटरीवर चालणारं घड्याळ नसेल तर वीज गेल्यावर तो जुन्या तारखेला जागा होतो, एसरॉस-२ ची प्रमाणपत्रं त्याला ‘अजून सुरू न झालेली’ वाटतात आणि ‘एन्फोर्स’मुळे एकही नोड उठत नाही. सकाळच्या पाळीला चारही रोबो जागेवर. त्या घाईत कुणी ‘एन्फोर्स’ काढून टाकू नये म्हणून आधीच प्रत्येक बोर्डाला आरटीसी, म्हणजे तसं घड्याळ, बसवा आणि गोदामातच एक वेळ-सर्व्हर ठेवा, म्हणजे इंटरनेट नसलं तरी तारीख मिळेल.